डॅशहाउंड घरी आणण्याआधी त्याच्या पाठीची माहिती घ्या

लांबलचक अंग, आखूड पाय, लोंबते कान. मुलांनी मोबाइलवर पाहिलेला हा कुत्रा आता वस्तीतल्या घरांतही दिसू लागला आहे. कुणी पगारातून थोडे थोडे पैसे बाजूला टाकून पिल्लू विकत घेते. कुणाला कामावरच्या मॅडम बदली झाली की “आता तुम्हीच सांभाळा” म्हणून कुत्रा, त्याची वाटी आणि साखळी देऊन जातात. नावे अनेक आहेत: डॅशहाउंड, नुसता डॅश, मुलांच्या तोंडी सॉसेज डॉग. कुत्रा तोच.

या पानावर आम्ही एरवी ॲनिमिया, साखर, टीबी यांवर लिहितो. कुत्र्यावर कशासाठी, असे कुणी म्हणेल. दहा बाय बाराच्या खोलीत कुत्रा आला की लहान मुलांच्या पोटातल्या जंतांपासून ते चावा आणि लेप्टोपर्यंत सगळ्याचा संबंध येतो. शिवाय डॅशहाउंडच्या पाठीत एक जन्मजात दोष असतो. तो विकणारा सांगत नाही आणि घेणाऱ्याला माहीत नसतो. तीन-चार वर्षांनी एका सकाळी कुत्र्याचे मागचे पाय चालेनासे होतात. मग घरात रडारड, उसनवारी, आणि कधी कधी रात्रीच्या अंधारात कुत्रा नाल्यापलीकडे सोडून येणे. हे टाळता येण्यासारखे आहे, म्हणून हा लेख.

एक खुलासा. लेखात आम्ही सगळीकडे ‘ब्रीड’ हाच शब्द वापरला आहे. वस्तीतली पोरेही तोच वापरतात. मराठीत त्यासाठी रूढ असलेला दुसरा शब्द मुद्दाम टाळला आहे. का, ते आमच्या वाचकांना सांगायला नको.

बिळात शिरण्यासाठी घडवलेला

हा कुत्रा जर्मनीचा. जर्मन भाषेत ‘डाक्स’ म्हणजे बॅजर आणि ‘हुंड’ म्हणजे कुत्रा. बॅजर हा जमिनीत खोल बिळे करून राहणारा, दणकट पंजांचा आणि चिडला तर अंगावर येणारा प्राणी. त्याच्या बिळात घुसून, अंधारात एकट्याने त्याला अडवून धरायचे आणि वर उभ्या असलेल्या शिकाऱ्याला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने भुंकायचे, हे या कुत्र्याचे काम होते. त्यासाठी काहीशे वर्षे माणसाने आखूड पायांच्या, लांब अंगाच्या, धीट कुत्र्यांचीच पैदास केली. या ब्रीडचा जर्मनीतला क्लब १८८८ साली स्थापन झाला. १९७२ च्या म्युनिक ऑलिंपिकचे बोधचिन्ह ‘वाल्डी’ नावाचा रंगीबेरंगी डॅशहाउंडच होता.

पहिल्या महायुद्धात मात्र जर्मनीबद्दलच्या रागाचा त्रास इंग्लंड-अमेरिकेतल्या या कुत्र्यांनाही झाला. लोक त्यांना रस्त्यात हिणवत, त्रास देत. जन्मस्थानावरून कुत्र्यालाही दोषी ठरवणारी माणसे जगात सगळीकडेच सापडतात.

हा इतिहास सांगण्याचे कारण असे की या कुत्र्याचा स्वभाव त्यातूनच आला आहे. त्याचा आवाज शरीराच्या मानाने फार मोठा आहे. पातळ पत्र्याच्या भिंतीपलीकडे रात्रपाळी करून झोपलेला शेजारी असेल, तर याचा विचार आधी करा. तो जमीन उकरतो, गोधडीत शिरून झोपतो, उंदीर दिसला की हाकेला दाद देत नाही. एकट्याने निर्णय घेण्यासाठी घडवलेला असल्याने हट्टी असतो. शी-शू बाहेर करायला शिकवताना इतर कुत्र्यांपेक्षा जास्त धीर लागतो. पावसाळ्यात तर तो दारातूनच परत फिरतो, कारण त्याचे पोट ओल्या जमिनीला टेकते. पण माणसाचा लळा जबरदस्त. घरातल्या एका माणसाला धरून राहतो, त्याची चाहूल गल्लीच्या टोकावरून ओळखतो. नीट सांभाळला तर बारा ते पंधरा वर्षे जगतो. म्हणजे आज पहिलीत असलेले मूल कॉलेजात जाईपर्यंत तो तुमच्याकडे आहे, हे धरून चाला.

मोठा डॅशहाउंड साधारण सात ते चौदा किलोचा, छोटा म्हणजे मिनिएचर पाच किलोच्या आसपास. केसांवरून तीन प्रकार आहेत: गुळगुळीत, लांब केसांचा आणि राठ केसांचा. आपल्या हवेत गुळगुळीत केसांचाच सोयीचा. लांब केसांत गोचीड लपते आणि उन्हाळ्यात पत्र्याखाली त्याचे हाल होतात.

पाठीची गादी

आता मुख्य गोष्ट. माणसासारखीच कुत्र्याच्याही दोन मणक्यांमध्ये एक मऊ गादी असते. धक्का सोसणे हे तिचे काम. निरोगी गादी आतून ओलसर, लिबलिबीत असते. डॅशहाउंडमध्ये ती पहिल्या एक-दोन वर्षांतच सुकू लागते, आणि पुष्कळदा तिच्यात चुन्यासारखे कॅल्शियम साचते. अशी कडक झालेली गादी एखाद्या दिवशी फुटते आणि तिच्यातला कडक भाग वर उसळून मज्जारज्जूवर आदळतो. मज्जारज्जू म्हणजे मेंदूकडून पायांकडे जाणारी तारच. ती दाबली गेली की मागचे पाय लुळे पडतात.

हे आखूड पायांमुळेच होते का? बरेचसे तसेच. शास्त्रज्ञांनी २००९ आणि २०१७ मध्ये दाखवून दिले की वाढीवर परिणाम करणाऱ्या एका जनुकाच्या जादा प्रती या कुत्र्यांमध्ये असतात. त्यांच्यामुळे कूर्चा लवकर कडक होते, पायांची हाडे लांब होत नाहीत. त्यांतली एक प्रत मणक्यांच्या गाद्याही अकाली म्हाताऱ्या करते. म्हणजे ज्या आखूड पायांचे आपण कौतुक करतो, त्यांच्या मागे हा आजार लागूनच आला आहे. साधारण दर चार-पाच डॅशहाउंडांमागे एकाला आयुष्यात कधीतरी हा त्रास होतो. बहुतेकदा तीन ते सात वर्षांच्या वयात, म्हणजे ऐन उमेदीत.

लोक म्हणतात, “दिवाणावरून उडी मारली आणि पाय गेले.” उडी हे निमित्त असते. गादी आधीच खराब झालेली असते. तरी निमित्त टाळणे आपल्या हातात आहे.

वस्तीतल्या घरात वरच्या खोलीत जायला उभी लोखंडी शिडी असते. डॅशहाउंडला तिच्यावरून चढू-उतरू देऊ नका, उचलून न्या. कॉट, दिवाण, रिक्षाची सीट यांवरून खाली उडी मारू देऊ नका. कॉटवर यायची सवयच लागली असेल, तर एखादी भक्कम पेटी किंवा फळी उताराला लावा. फरशी गुळगुळीत असेल तर पायाखाली जुनी सतरंजी किंवा गोणपाट टाका, म्हणजे घसरणार नाही. गळ्यात पट्टा घालून ओढण्यापेक्षा छातीला बांधायचा पट्टा वापरा. आणि त्याला बसवून ठेवू नका. रोज दोन वेळा सपाट रस्त्यावर चालवले तर पाठीचे स्नायू घट्ट राहतात, आणि तोच मणक्यांचा खरा आधार.

उचलण्याची पद्धत घरातल्या प्रत्येकाने शिकावी, मुलांनीसुद्धा. एक हात छातीखाली, दुसरा मागच्या पायांखाली, आणि पाठ जमिनीला समांतर. पुढचे दोन पाय धरून बाळासारखे उभे उचलले की सगळा भार कमरेवर लटकतो. मुले फोटोसाठी त्याला दोन पायांवर नाचवतात, तेही बंद करा.

ही लक्षणे दिसली तर

सुरुवात अनेकदा साधी असते. कुत्रा पाठीला बाक काढून उभा राहतो. थरथरतो. उचलताना कळवळतो. वाटी समोर असूनही मान खाली घालत नाही. नेहमी धावत येणारा जागेवरूनच बघतो. घरच्यांना वाटते, पोट दुखत असेल. या पायरीवर डॉक्टरांकडे नेले तर पुष्कळ कुत्री औषध आणि सक्तीच्या विश्रांतीवर बरी होतात. सक्तीची म्हणजे साधारण चार आठवडे छोट्या पिंजऱ्यात किंवा लाकडी खोक्याच्या कुंपणात. बाहेर फक्त शी-शू करण्यापुरते, तेही पट्ट्याने धरून. दोन दिवसांत बरे वाटले म्हणून सोडला, की पुन्हा तेच.

चाल झोकांडी खाऊ लागली, पंजा उलटा पडू लागला, मागचे पाय फरफटू लागले किंवा लघवी अडली, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. “रविवारी सुट्टी आहे, तेव्हा नेऊ” असे चालत नाही. पाय लुळे असले तरी बोटाला जोरात चिमटा घेतल्यावर कुत्र्याला वेदना कळत असेल, तर वेळेत ऑपरेशन झाल्यास बहुसंख्य कुत्री पुन्हा चालतात. वेदनाही कळेनाशी झाली की ही आशा साधारण निम्म्यावर येते, आणि उशीर होईल तशी आणखी घटते. ही तपासणी डॉक्टर करतील. घरी चिमटे काढत बसू नका. नेताना एखाद्या फळीवर किंवा घट्ट ताणलेल्या चादरीवर आडवे ठेवून न्या.

दोन गोष्टी कटाक्षाने टाळा. पहिली, मालिश. पाय लुळे पडले की कुणीतरी हाडवैद्याचे नाव सांगतेच, आणि तो पाठ चोळून, पाय ओढून “गादी बसवतो”. फुटलेली गादी अशी बसत नाही. उलट आतला भाग मज्जारज्जूत आणखी रुतू शकतो. दुसरी, घरातल्या गोळ्या. पॅरासिटामॉल, आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक ही आपली नेहमीची औषधे कुत्र्याच्या यकृताला, जठराला, मूत्रपिंडाला घातक ठरतात. “अर्धीच दिली” हेही नको. कुणी करणी केली, कुणाची नजर लागली, असल्या बोलण्यात तर एक तासही घालवू नका. त्या तासाला किंमत आहे.

ऑपरेशन झाले नाही, पाय परत आले नाहीत, तरी सगळे संपत नाही. काही कुत्री मागे चाकांची छोटी गाडी बांधून वर्षानुवर्षे आनंदाने जगतात. पण त्यांची लघवी रोज हाताने दाबून काढावी लागते, अंगाला जखमा होऊ नयेत म्हणून दर काही तासांनी कूस बदलावी लागते. घरातले सगळे दिवसभर कामावर असतील, तर हे कोण करणार, हा प्रश्न पिल्लू आणतानाच विचारायचा असतो.

त्याचे ताट

पाठीचा सगळ्यात मोठा शत्रू वजन. पाच किलोच्या कुत्र्याचे एक किलो वाढले, तर ते साठ किलोच्या माणसाचे बारा किलो वाढण्यासारखे आहे. अशा पूर्ण वाढलेल्या कुत्र्याला दिवसाला साधारण साडेतीनशे ते चारशे कॅलरी लागतात. मध्यम आकाराच्या एका चपातीत शंभरेक कॅलरी असतात. म्हणजे जेवताना घरातल्या चौघांनी प्रेमाने एकेक चपाती टाकली, की त्याचा दिवसाचा कोटा संपला, आणि त्यात त्याला लागणारे मांस तर आलेच नाही. डॅशहाउंड मागताना असा चेहरा करतो की दगडालाही पाझर फुटावा. म्हणून घरात एकच माणूस त्याला जेवण देईल, हे ठरवून टाका. वजन बरोबर आहे की नाही हे बघायला काटा लागत नाही. बरगड्यांवरून हात फिरवला तर त्या हाताला लागल्या पाहिजेत, आणि वरून पाहिले तर कंबर दिसली पाहिजे.

महागडे पाकीट घेतलेच पाहिजे असे नाही. उकडलेले अंडे, चिकन, थोडा भात, भोपळा किंवा गाजर हे चालते. आपल्याकडे वजडी मिळते; ती स्वच्छ धुऊन, मीठ-मिरची न घालता उकडली तर कुत्र्यासाठी उत्तम आणि स्वस्त. पण नेहमी घरचेच देणार असाल, तर कॅल्शियम कशातून द्यायचे ते डॉक्टरांना विचारून घ्या. रश्शात बुडवलेली भाकर मात्र देऊ नका. वाटणातला कांदा आणि लसूण कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतात. शिजवलेली हाडे फुटून अणकुचीदार होतात आणि आतड्यात रुततात. खारवलेले सुकट-बोंबील, चॉकलेट, द्राक्षे, मनुका हेही नको.

मुले आणि चावा

डॅशहाउंड लहान दिसतो म्हणून तो खेळणे आहे असे मुलांना वाटते. तो तसा नाही. बॅजरशी झुंजायला घडवलेला कुत्रा अनोळखी माणसावर, आणि चिडला तर घरच्यांवरही, दात लावायला मागेपुढे बघत नाही. त्यात पाठ दुखत असेल तर नुसता हात लावला तरी चावतो. तो जेवताना, झोपताना मुलांनी जवळ जाऊ नये. त्याच्या पाठीवर कुणीही बसू नये. पाच वर्षांखालचे मूल आणि कुत्रा यांना खोलीत दोघांनाच सोडू नये. घरात रांगते मूल असेल, तर आमचे स्पष्ट मत असे की दोन-चार वर्षे थांबा.

पाळीव कुत्रा चावला तरी तो चावाच. जखम लगेच नळाच्या वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवा. घड्याळ लावून धुवा, कारण पंधरा मिनिटे वाटतात त्यापेक्षा बरीच मोठी असतात. मिरचीपूड, चुना, हळद, तेल, काहीही लावू नका. मग सरकारी किंवा महापालिकेच्या दवाखान्यात जा. रेबीजची लस तिथे मोफत मिळते. पोटात चौदा इंजेक्शनांची भीती आता विसरा, ती पद्धत केव्हाच गेली. आता इंजेक्शन दंडात देतात: कातडीत द्यायचे असेल तर पहिल्या दिवशी, मग तिसऱ्या, सातव्या आणि अठ्ठाविसाव्या दिवशी, स्नायूत द्यायचे असेल तर चौदाव्या दिवशी आणखी एक. पहिला दिवस शून्य धरून मोजतात. जखमेतून रक्त आले असेल तर जखमेत वेगळे सीरमही द्यावे लागते, ते मागून घ्या. गरोदर बाई असो की तान्हे मूल, लस सगळ्यांना चालते. रेबीज एकदा अंगात दिसू लागला की माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही, म्हणून एकही तारीख चुकवू नका.

कुत्र्याला तीन महिन्यांचा झाल्यावर रेबीजची लस द्यायची आणि पुढे डॉक्टर सांगतील तशी, बहुधा दरवर्षी. जंताचे औषधही ठरलेल्या वेळी द्या. पिल्लाच्या विष्ठेतले जंत अनवाणी खेळणाऱ्या मुलांच्या पायांतून आणि हातांतून त्यांच्या अंगात जातात.

उंदीर आणि पाऊस

हा कुत्रा बिळातली शिकार करणारा, आणि वस्तीत उंदरांना तोटा नाही. काहींना यात सोय वाटेल, पण धोका दुहेरी आहे. उंदराच्या लघवीतून लेप्टो होतो, कुत्र्यालाही आणि माणसालाही. २००५ च्या महापुरानंतर मुंबईत लेप्टोने घातलेला धुमाकूळ अनेकांना आठवत असेल. तुंबलेल्या पाण्यातून हा कुत्रा चालतो तेव्हा त्याचे अख्खे पोट त्या पाण्यात असते. कुत्र्यासाठी लेप्टोची लस आहे, ती पावसाळ्याआधी घ्या. बाहेरून आला की पोट आणि पंजे धुऊन कोरडे करा, लोंबत्या कानांच्या आतूनही पुसा. दुसरा धोका उंदराच्या औषधाचा. शेजाऱ्याने टाकलेली वडी खाल्ली, किंवा ती खाल्लेला उंदीर खाल्ला, तर दोन-तीन दिवसांनी नाकातोंडातून रक्त येऊ शकते. शंका आली तरी थांबू नका. औषधाचे पाकीट सोबत घेऊन डॉक्टरांकडे जा.

घ्यायचाच असेल तर

काही वर्षांपूर्वी एका मोबाइल कंपनीच्या जाहिरातीनंतर घरोघरी पग आले. चपट्या नाकाने धाप लागलेले ते बिचारे पुढे रस्त्यावरही दिसले. डॅशहाउंडचे तसे होऊ नये. आठ आठवड्यांच्या आतले पिल्लू विकणे नियमात बसत नाही. कुणी देत असेल तर तिथेच मागे फिरा. पिल्लाची आई बघायला मागा आणि आई-बापांपैकी कुणाची पाठ गेली आहे का, हे विचारा. अंगावर ठिपके-डाग असलेली ‘डॅपल’ पिल्ले जास्त किमतीला विकतात. पण आई-बाप दोघेही डॅपल असतील, तर काही पिल्ले बहिरी किंवा आंधळी जन्मतात. जादा पैसे मोजून तसे पिल्लू घरी आणू नका. बारा महिन्यांच्या आत नसबंदी केल्यास या ब्रीडमध्ये पाठीचा धोका वाढू शकतो, म्हणून कधी करायची ते डॉक्टरांशी बोलून ठरवा.

आणि मुलांना फक्त कुत्रा हवा असेल, डॅशहाउंडच हवा असा हट्ट नसेल, तर गल्लीतले देशी पिल्लू बघा. त्याला ना बॅजर शोधायचा आहे, ना त्याच्या पायांसाठी कुणी त्याच्या पाठीचा बळी दिला आहे. लस आणि जंताचे औषध त्यालाही द्यावेच लागेल.

डॅशहाउंड आधीच घरात असेल, तर आजच एक काम करा. जवळच्या सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्याचा नंबर आणि वेळ भिंतीवर लिहून ठेवा. मुंबईत परळला, तसेच नागपूर, परभणी, उदगीर, शिरवळ इथे पशुवैद्यकीय महाविद्यालये आहेत. त्यांच्या दवाखान्यांत खासगीपेक्षा बराच कमी खर्च येतो. पाठीचे ऑपरेशन सगळीकडे होत नाही, म्हणून ते कुठे होते हे कुत्रा धडधाकट असतानाच फोन करून विचारून ठेवा. महापालिकेचा परवाना आणि लसीचे कार्ड रेशनकार्डाच्याच पिशवीत ठेवा, म्हणजे घाईच्या वेळी शोधावे लागणार नाही.